राख तपासली, पाणी कोण तपासणार?

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडली. थेट सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, असे अनेक अभ्यासक मानतात. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी नदीकाठचे थर अभ्यासले, आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आणि राखेच्या वयावरून वर्षानुवर्षे वाद झडले. कोणी पाऊण लाख वर्षे म्हणाले, कोणी सहा-सात लाख, कोणी चौदा लाख. चिमूटभर राखेसाठी प्रयोगशाळा कामाला लागल्या.

त्याच खोऱ्यातल्या विहिरींचे पाणी तपासायला किती माणसे आहेत?

जवळच खोडदला ‘जीएमआरटी’च्या रेडिओ दुर्बिणी आहेत. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबुज ऐकतात. आर्वीला १९७१पासून उपग्रह केंद्र आहे. एका ग्रामीण तालुक्याच्या वाट्याला इतके विज्ञान क्वचितच येते. आकाश मोजून झाले, पाताळ मोजून झाले. मधला माणूस राहिला.

हा मधला माणूस मोजण्याचे काम करणाऱ्यांबद्दलच आज बोलायचे आहे. आहारतज्ज्ञ, स्वच्छता निरीक्षक, पाणी तपासणारा, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दवाखान्यातली यंत्रे चालती ठेवणारा. बारावीनंतरच्या कुठल्याही मार्गदर्शन मेळाव्यात या वाटा शेवटच्या दहा मिनिटांत उरकतात. आधीचे दोन तास ‘नीट’ आणि ‘जेईई’.

आणि गावाचे आरोग्य ठरते ते त्या शेवटच्या दहा मिनिटांवर.

पाण्यापासून सुरुवात करू. गावच्या पाण्याचा रखवालदार कोण? ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी. तोच मोटार चालू करतो, तोच व्हॉल्व्ह फिरवतो, तोच पाणीपट्टीची पावती घेऊन दारोदार जातो आणि तोच टाकीत टीसीएल टाकतो. कागदावर त्याला ‘जलसुरक्षक’ म्हणतात. पद मोठे, पगार तोच.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले, की तो उडून जातो आणि मागे बराचसा चुनाच उरतो. टाकीत पांढरे काहीतरी पडते, रजिस्टरवर सही होते. जंतू मात्र होते तसेच नळातून घरात येतात.

यात शिकायचे काय, असे कोणी म्हणेल. पुष्कळ आहे. किती हजार लिटरच्या टाकीला किती ग्रॅम, पावडरीची ताकद निम्म्यावर आली असेल तर किती, मिसळल्यावर किती वेळ पाणी सोडायचे नाही, शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतो की नाही. टाकीजवळच्या घराची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, छान पिवळी येते. वस्तीच्या टोकाला ती करायला कोण जातो?

आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना कार्डे देतो. हिरवे, पिवळे, लाल. वर्षानुवर्षे पाणी चांगले राखले तर चंदेरी. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे किती घरांना ठाऊक असते? कांद्याचा कालचा भाव विचारा, घरातले शेंबडे पोरही सांगेल.

आता क्लोरीनच्या पलीकडचे. या पट्ट्यात ऊस आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे, द्राक्षे आहेत. युरियाची गोणी मोजून टाकणारा विरळा. त्यातले नायट्रेट झिरपत विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्यापुढे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळसर पडू शकते. पाणी उकळून प्या, हा आजीचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. उकळल्याने पाणी आटते, नायट्रेट आटत नाही. म्हणजे उकळलेल्या पाण्यात ते जास्तच भरते.

हे बाळाच्या आईला कोण सांगणार? डॉक्टरकडे ती बाळ निळे पडल्यावर जाईल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पुण्यातच आहे. पावसाआधी आणि पावसानंतर पाण्याचे नमुने तपासण्याची पद्धत आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवायचे, असेही ठरले आहे. व्यवस्था कागदावर उत्तम आहे. संचातली रसायने संपली की पुढची बाटली कोण आणतो, हे त्या कागदावर शोधून पाहा.

आणि ज्या पाच जणी हे काम करतात, त्यांना महिन्याकाठी काय मिळते? कौतुक.

जानेवारी २०२५मध्ये पुण्याने याची किंमत मोजली. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी या भागात गुइलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण भराभर सापडू लागले. काल चालणारा माणूस आज पाय उचलू शकेना. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, माणसे दगावली. संशयाची सुई पाण्याकडे वळली, काही रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जिवाणू सापडला. मग नमुने, मग पथके, मग टँकर, मग मंत्र्यांचे दौरे.

राष्ट्रीय विषाणू संस्था ज्या शहरात आहे, त्या शहराच्या वेशीवर हे घडले.

त्याआधी जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. तिथे कामाला आले कोण? घरोघर फिरून पाण्याची पिंपे ओतायला लावणारे, फ्रिजमागची ताटली तपासणारे, डासांच्या अळ्या शोधणारे आरोग्यसेवक. साथ आली की त्यांचे फोटो छापून येतात. साथ ओसरली की त्यांच्या रिक्त जागांची आठवणही कोणाला राहत नाही.

स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम नवा नाही. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ची. स्वच्छता निरीक्षकाची पदविका तिथे पिढ्यान् पिढ्या शिकवली जाते. नगरपालिकेत या पदाला जागा आहे. नारायणगाव आणि आळेफाटा मात्र शहरासारखे वाढले आणि कारभाराने ग्रामपंचायतच राहिले. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात ट्रकांच्या रांगा लागतात. हॉटेले, लॉज, रसवंत्या, मांसाची दुकाने, रुग्णालये सगळे आहे. हे सगळे रोज तपासणारा पूर्णवेळ स्वच्छता निरीक्षक? त्याची तरतूद नगरपालिकेला. माश्यांना हा फरक कळत नाही.

द्राक्षांचे पाहा. २०१०मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला. कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात गेले. धडा मात्र घेतला गेला. आज निर्यातीच्या द्राक्षाचा नमुना बागेतून उचलला जातो, प्रयोगशाळेत जातो, अहवाल आल्याशिवाय पेटी हलत नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने हे काम उभे केले. जुन्नरची काळी जंबो द्राक्षे परदेशात जातात ती या तपासणीच्या बळावर.

म्हणजे जमते. मनात आणले तर घडाघडाचा हिशेब ठेवता येतो.

मग औषध फवारणाऱ्या माणसाचा हिशेब का ठेवता येत नाही? युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या पोटात किती जाईल हे आपण मोजतो. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला ओला रुमाल बांधून बागेत फिरणाऱ्याच्या रक्तात किती गेले हे मोजत नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्याला हा प्रश्न कळला. काही महिने कळला.

फवारणाऱ्याच्या रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराची तपासणी करता येते. सेंद्रिय फॉस्फरसची औषधे शरीरात भिनू लागली की त्याची पातळी घसरते. हंगामाच्या सुरुवातीला एकदा, मध्ये एकदा, एवढे केले तरी घसरण वेळेत दिसेल. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ नको. रक्त घेणारा तंत्रज्ञ हवा आणि त्या आकड्याचा अर्थ सांगणारा व्यावसायिक आरोग्याचा जाणकार हवा. या दोन नोकऱ्या द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक बाजारगावात निर्माण व्हायला हव्यात. निर्यातीचा पैसा इथेच येतो ना?

आता ताटाकडे वळू.

आहारतज्ज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातला वजन उतरवणारा दवाखाना येतो. किंवा मोबाइलवर जिरेपाणी विकणारी बाई. या विषयातले मराठी नाव मात्र फार मोठे आहे आणि ते घराघरांत माहीत नाही. कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, प्रवेश घेऊनच थांबल्या. १९३९मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी, तांदूळ आणि नीरा यांवर काम केले. गरिबाच्या ताटात काय असते आणि त्यातून अंगाला काय लागते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय.

नव्वद वर्षे होत आली. गरिबाच्या ताटाचा अभ्यास करणारी एक व्यक्ती तालुक्याला मिळालेली नाही.

गरज संपली म्हणून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१चा अहवाल काढा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी. २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी. सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत निम्म्याहून जास्त, ५४.२ टक्के. हे मुंबई-पुण्याच्या राज्याचे आकडे आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतो. महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्या. भात, नाचणी, वरई आणि हिरडा. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, अमृत आहार योजना आहे. पूर्वेला बोरी, साळवाडी, बेल्हे अशी बागायती आणि जिरायती गावे. एकाच तालुक्यात एका टोकाला पोर हडकुळे आणि दुसऱ्या टोकाला पंचेचाळिशीचा बागायतदार मधुमेही. दोघांचा रोग ताटातला. दोघांना मिळते काय? एकाला पाकीट, दुसऱ्याला गोळी.

अंगणवाडी सेविका दंडाचा घेर मोजते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित. तिने मापले, मोबाइलमध्ये भरले, वर पाठवले. पुढे? त्या मुलाच्या घरात काय शिजते, आई किती वाजता कांदा काढायला जाते, दिवसभर त्याला कोण भरवते, मागच्या महिन्यात किती वेळा जुलाब झाले, हे बघून त्या घराला परवडेल असा आहार लिहून देणारे कोणी आहे का? सेविकेवर आधीच नोंदींचा डोंगर. तिलाच आहारतज्ज्ञ करून टाकायचे आणि तिलाच जाब विचारायचा, हा आपला शिरस्ता.

शाळेतल्या भाताचेही तेच. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने, असा नियम आहे. शिजलेल्या खिचडीत तेवढे आहे का, हे मोजतो कोण? मुख्याध्यापक तांदळाची पोती मोजतात. स्वयंपाकी बाई महिना अडीच हजारांच्या मानधनात चूल सांभाळते. राज्याने २०२३च्या अखेरीला मुलांच्या ताटात आठवड्याला एक अंडे आणले. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी काढून घेतला. अंड्याच्या बाजूने आणि विरोधात भाषणे खूप झाली. त्या अंड्याने मुलांच्या वजनात किती फरक पडला, ते तालुक्यात मोजायला माणूस नव्हता. म्हणून भाषणेच झाली.

परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. अन्न व पोषण हा तिथला रीतसर विषय. तिकडे जाणाऱ्या मुलीला घरून काय ऐकावे लागते? ‘स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?’ असे विचारणाऱ्या काकांना मधुमेह निघाला की तेच सगळ्यांत आधी पथ्याचा कागद शोधतात.

दवाखान्यात जाऊ.

हा बिबट्यांचा आणि सापांचा मुलूख. रात्री उसाला पाणी धरायला गेलेल्या माणसाला काहीतरी चावते. काय चावले ते दिसत नाही. घोणस किंवा फुरसे असेल तर रक्त गोठणे थांबते. ते ओळखायची साधी चाचणी आहे. दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग एकदा तिरपे करायचे. पातळच राहिले तर विष भिनले आहे, प्रतिविष सुरू करा.

यात मेख आहे ती नळीत. नळी प्लॅस्टिकची असेल, किंवा साबणाने धुऊन वापरलेली असेल, तर धडधाकट माणसाचे रक्तही गोठत नाही. चाचणी खोटे बोलते. गरज नसताना प्रतिविष जाते आणि त्याचीच रिअॅक्शन येऊ शकते. एका माणसाचा जीव एका नळीवर आहे आणि ती नळी ठेवणाऱ्या तंत्रज्ञाची जागा भरली आहे की नाही, यावर गावात कधी मोर्चा निघत नाही.

नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारांत वर्षानुवर्षे केलेले काम राज्याला माहीत आहे. ग्रामीण भागात काय करून दाखवता येते त्याचा तो पुरावा. पण मण्यार चावलेल्या माणसाचा श्वास बंद पडतो तेव्हा डॉक्टरच्या कौशल्याबरोबर व्हेंटिलेटर चालावा लागतो. तो चालू ठेवतो तंत्रज्ञ.

यंत्रे चालतात का? २०१५मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांतली यंत्रे देशभर मोजायला घेतली. २९ हजारांवर आरोग्य संस्था, साडेसात लाखांवर यंत्रे, किंमत सुमारे साडेचार हजार कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यांतली १३ ते ३४ टक्के बंद सापडली. म्हणजे कुठे आठातले एक, कुठे तिनातले एक. उद्घाटनाची फीत कापताना फोटो असतो. यंत्र बंद पडते त्या दिवशी फोटो नसतो.

मग ९ जानेवारी २०२१ उजाडतो. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागते आणि दहा बाळे जातात. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागते आणि वीसहून अधिक रुग्ण गुदमरतात. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटतो आणि अकरा माणसे जातात. एका वर्षात तीनदा. या तिन्ही ठिकाणी डॉक्टरी विद्या कमी पडली नव्हती. वायर, झडप, पाइप, वीजभार, आगीची सूचना देणारी यंत्रणा, त्यांची रोजची तपासणी, हे खाते कोणाचे? चौकशी समिती नेमली की त्या खात्याचे नाव कळते. तोपर्यंत ते वॉर्डबॉयच्या अंगावर असते.

लसींचेही तसेच. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. कुत्रे चावले, बिबट्याने ओरबाडले, की रेबीजची लस लागते. शीतपेटी रात्रभर बंद राहिली तर बाटली दिसायला तशीच दिसते. टोचणाऱ्याला कळत नाही, टोचून घेणाऱ्याला कळत नाही. कळते ते तापमानाची नोंद ठेवणाऱ्याला. तो असेल तर.

आणि रुग्णालयाच्या मागचा कचरा. २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम अगदी स्पष्ट आहेत. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा. प्रक्रिया न झालेला कचरा ४८ तासांहून जास्त ठेवायचा नाही. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर असे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, अपघात होतात, म्हणून रुग्णालयेही वाढली. जिथे रुग्णालये तिथे हा कचरा. तो वेगळा करणारे हात बहुतेक वेळा अशिक्षित बाईचे असतात. तिला सुई टोचली तर तिची तपासणी कोण करतो, हा प्रश्न रुग्णालय निवडताना आपण कधी विचारतो?

एवढे काम आहे तर नोकऱ्या का नाहीत?

कायदा झाला आहे. २०२१मध्ये संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आहारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, वैद्यकीय यंत्रांचे जाणकार असे पन्नासहून अधिक व्यवसाय त्यात आले. सहयोगी व्यावसायिकाला निदान दोन हजार तासांचे शिक्षण, आरोग्यसेवा व्यावसायिकाला निदान ३,६०० तासांचे. नोंदणी आवश्यक. हा कायदा फार आधी व्हायला हवा होता.

कारण तोवर गल्लोगल्ली दुकाने उघडली. ‘सहा महिन्यांत डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी.’ आईबाप एक गुंठा विकतात, पोरगी प्रमाणपत्र घेऊन येते आणि नोंदणीच्या खिडकीवर तो कागद कोणी हातात धरत नाही. म्हणून प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा. विद्यापीठ कोणते, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ की दुसरे मान्यताप्राप्त? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार? नोंदणी कुठे होणार? उत्तर द्यायला संचालक गडबडला तर गुंठा वाचला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती कोणी सांगत नाही. डीएमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, केली की स्वतःची लॅब टाकू, असे पुष्कळ मुलांना वाटते. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. तंत्रज्ञाचे काम नमुना आणि चाचणी. ते काम सन्मानाचे आहे, मोलाचे आहे, पण सही त्याची नाही. हे प्रवेशाच्या दिवशी सांगा. कर्ज काढून यंत्र घेतल्यावर नको.

आता मुख्य दुखणे. पद.

सरकारी आरोग्यात यांतल्या कित्येक जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानात, म्हणजे कंत्राटावर. ठरावीक मुदतीचा आदेश, मध्ये एक दिवस खंड, पुन्हा आदेश. दहा-पंधरा वर्षे असेच. मार्च २०२४मध्ये दहा वर्षे झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि ऑगस्ट २०२५मध्ये हेच कर्मचारी त्याच मागणीसाठी राज्यभर संपावर बसले. निर्णय आणि संप यांच्यामध्ये सतरा महिने होते. सतरा महिने काय चालले होते?

कोविडमध्ये यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ‘मुलगा कंत्राटी आहे’ म्हणून स्थळ नाकारणारे हात तेच.

आणि पैसा नाही हे सांगू नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना थेट निधी दिला. त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पण एक अट घालून: पगार आणि आस्थापनेवर खर्च करायचा नाही. याशिवाय स्थानिक पातळीवरच्या आरोग्यासाठी देशभर ७० हजार कोटींहून अधिक रक्कम वेगळी.

वाचा पुन्हा. टाकी बांधता येते, टाकी राखणारा नेमता येत नाही. गटार करता येते, गटाराचे पाणी कुठे मुरते हे पाहणारा ठेवता येत नाही. सिमेंटला पैसा आहे, कारण सिमेंटला ठेकेदार आहे.

अट बदला, ही मागणी बोरीपासून मुंबईपर्यंत गेली पाहिजे. एका ग्रामपंचायतीला पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर पाच गावांनी मिळून एक ठेवावा. पाच गावांचे पाणी तपासणारी एक विज्ञान पदवीधर मुलगी. दहा अंगणवाड्या आणि दोन आश्रमशाळांमागे एक आहारतज्ज्ञ. नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय आणि मंचरचे उपजिल्हा रुग्णालय यांच्या यंत्रांसाठी पुण्याहून गाडी येईपर्यंत वाट न बघणारा, याच भागात राहणारा एक यंत्रतज्ज्ञ. मुले कुठून आणायची? जुन्नर, ओतूर, नारायणगाव इथल्या महाविद्यालयांत आहेतच. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकतात आणि पदवीनंतर पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची पाचव्यांदा तयारी करतात.

क्लोरीन मोजू शकणारा मुलगा चालू घडामोडी पाठ करतो आहे. आणि गावात पाणी अंदाजाने शुद्ध होते आहे.

येत्या ग्रामसभेला चार कागद मागा. पाण्याच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल, तारखेसह. टीसीएलच्या नमुन्यात किती टक्के क्लोरीन निघाला त्याचा आकडा. तीव्र कुपोषित मुलांची संख्या, नावे नकोत, फक्त संख्या आणि मागच्या वर्षीची संख्या. आपल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतील, पुढच्या सभेत देतो. इतिवृत्तात तसे लिहून घ्या, तारीख घालून घ्या, सही घ्या.